चौथ्या कोठीतला उजेड

सकाळी दहा चाळीसला चौथ्या कोठीची रेघ वर सरकू लागली, तेव्हा हर्षदा कोळेकर शेंगापोळीचा तुकडा मोडत होती. तुकडा हातातच राहिला.

पडद्यावर सहा कोठ्यांच्या सहा रेघा होत्या. पहिल्या कोठीत कोरं पाणी होतं, तुलनेपुरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोठीत गेल्या पंधरवड्यात बर्फ घातला होता, पण त्यांच्या रेघा तळाशी आडव्या पडून होत्या. पाचवी आणि सहावी अजून वापरायची होती. चौथी मात्र चढत होती, सावकाश, एका लयीत.

"सर," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

डॉ. फारूख मुजावर हे मोहिमेचे प्रमुख. निवृत्तीला आठ महिने उरलेले, आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधण्यात दिवसाचा अर्धा तास घालवणारे. ते उठून आले, पडद्याकडे पाहिलं आणि एकदाही न शोधता चष्मा डोळ्यांवर ओढला. पुण्याच्या त्या नियंत्रण कक्षात हर्षदाने नऊ वर्षांत हे प्रथमच पाहिलं.

रेघ आत्ता चढताना दिसत होती, तरी ती चढून एक तास वीस मिनिटं झाली होती. तिथून इथवर यायला प्रकाशालाच तेवढा वेळ लागतो. शनीच्या एन्सेलॅडस नावाच्या बर्फाळ चंद्रावर, जवळजवळ दीडशे कोटी किलोमीटरवर, 'टिटवी' तीन काटकुळ्या पायांवर उभी होती. हे नाव शाळकरी मुलांनी मतदानाने निवडलं होतं. संस्थेला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव हवं होतं, पण मुलांपुढे कुणाचं चाललं नाही. चंद्राच्या भेगांमधून पाण्याचे फवारे उडतात, त्यांचा बर्फ होऊन खाली पडतो, आणि टिटवी तो चिमूटभर उचलून आपल्या कोठ्यांत घालते. आजची चिमूट थेट भेगेच्या काठावरची होती.

"समज, मी काहीच शिकलेलो नाही," मुजावर म्हणाले. "समज, मी माझी सासू आहे. मला पहिल्यापासून सांग."

ही त्यांची जुनी खोड. या काल्पनिक सासूला पटल्याखेरीज संस्थेतून एक ओळही बाहेर जात नसे. त्यांची खरी सासू मिरजेत गणित शिकवायची आणि हे कळल्यावर तिने जावयाशी महिनाभर अबोला धरला होता.

"सासूबाई," हर्षदा म्हणाली, "जिवंत पेशीला स्फुरद लागतं. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहितात, त्यातलं. पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या कशाला तरी चिकटलेलं मिळतं. म्हणून पेशी एक कात्री बाळगते. फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम, आपलं स्फुरदछेदक विकर."

"कात्री दिसते?"

"नाही. म्हणून तिला आमिष दाखवायचं. एक रेणू घ्यायचा, जो अतिनील प्रकाशात निळा चमकतो. त्याच्यावर स्फुरदाचं टोपण बसवायचं. टोपण आहे तोवर त्याचा उजेड दबलेला. हे आपलं दीपद्रव्य. कात्रीनं टोपण कापलं की रेणू चमकायला लागतो. उजेड जितक्या वेगानं वाढेल, तितकं कापणं जोरात."

"कापून कापून कात्री झिजते का?"

"विकर खर्च होत नाही, सर. एक रेणू सेकंदाला शेकडो टोपणं कापतो आणि स्वतः होता तसाच राहतो. उष्णतेनं मरतं. गारठ्यात वाळलेलं असेल तर किती वर्षं टिकेल सांगता येत नाही."

"टोपणं आपोआपही गळत असतील."

"गळतात, थोडी. ती पहिल्या कोठीत दिसतात. चौथीत त्याच्या नव्वद पट आहे."

मुजावर म्हणाले, "म्हणजे तिथं कुणीतरी आहे. नाहीतर तिथं आपणच आहोत."

हर्षदा काय ते समजली. पहिला थेंब चौथ्या कोठीतच पडला होता.

पहिल्या थेंबाची रीत संस्थेच्या आद्य संचालकांनी, डॉ. नाडगौडांनी घालून दिली होती. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागे, झेंडूची माळ चढे, आणि त्या वर्षी तयार झालेल्या नव्या यंत्राची पहिली चाचणी त्याच दिवशी, ते जुळवणाऱ्याच्या बोटातल्या रक्तावर होई. नाडगौडा काही भाविक नव्हते. बाजारात मिळणारं वासराच्या आतड्यातलं विकर फार जोरकस आणि चिवट असतं, यंत्रात कुठे बसलं तर निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणसाच्या रक्तातलं विकर हाडांतून आणि यकृतातून आलेलं, थोडं आणि नाजूक. पासष्ट अंशांवर ते दहा मिनिटांत मरतं. चाचणीही होते आणि मागे काही उरत नाही. सहाही कोठ्या एकाच साच्यातल्या, म्हणून एकच तपासत. चौथी हाताला सोपी पडायची. पुढे कोठी धुऊन यंत्र सहा तास पासष्ट अंशांवर भाजलं, जंतूंसाठी गामा किरण दिले, आणि सात वेळा पुसून पाहून एकही जंतू नसल्याची खात्री केली. त्याहून जास्त तापवलं असतं तर भिंगाचा डिंक सुटला असता. भाजल्यानंतर आत ओलं काही घालायला बंदी होती, कारण केसाएवढ्या नळ्यांत थेंबभर ओल राहिली तरी थंडीत नळ्या फुटल्या असत्या.

मुजावरांनी जुना फॉर्म पडद्यावर काढला. 'नमुना: निरोगी प्रौढ व्यक्तीचा रक्तरस.' खाली सही, हर्षदा कोळेकर.

"तुझं रक्त," ते म्हणाले. "भाजण्यातून काही वाचलं असेल तर?"

"तर आत्ता मरेल. कोठी पुन्हा पासष्टवर अर्धा तास ठेवू. मग ताजं दीपद्रव्य घालून मोजू. माझं असलं तर रेघ झोपेल."

आज्ञा सव्वाअकराला गेली. उत्तर साडेतीनच्या आधी येणार नव्हतं.

दीड वाजता नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. अनसूयाबाई जत तालुक्यातल्या गावी राहत. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून तीस पोरांना पुरेल असा होता.

"जेवलीस का?"

"जेवले. तुझीच पोळी."

"घावलं का वर काय?"

"अजून पक्कं नाही, आई."

"घावंल. एवढी वर्सं घातलीस तू." मग थोडं थांबून, नेहमीसारखंच, "तब्बेतीला जप."

त्या थांबण्यात काय असतं ते हर्षदाला ठाऊक होतं. नऊ वर्षांत त्यावर दोघी बोलल्या नव्हत्या.

नऊ वर्षांपूर्वी टिटवीची जुळणी चालू असताना हर्षदाला दिवस गेले. गरोदर बाईला जुळणीच्या दालनात काम करता येत नसे. तिथे द्रावकांचे वास, त्यामुळे नियम योग्यच होता. पण बाहेर पडली असती तर टिटवी दुसऱ्याच्या हातून उडाली असती. अंगभर पांढरा झगा असायचा, त्यात पोट दिसत नव्हतं. दसरा झाला की सांगू, असं तिने आणि तिचा नवरा तुषारने ठरवलं. पाचवा महिना चालू होता. दसऱ्यानंतर सर दिल्लीला गेले, मग आठवडाभरात सांगू म्हणाली, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं आटपलं.

मुलगी होती. हर्षदा शुद्धीवर आली तोवर तिला नेलेलं होतं. तुषारने कुठल्याशा कागदावर सही केली होती. कशावर, हे त्यालाही नीट कळलेलं नव्हतं. सकाळच्या एसटीने आई आली आणि तिने नर्सला एकच गोष्ट विचारली. "वार कुठं हाय?"

त्यांच्या घरात प्रत्येकाची वार, पोटात बाळाला पोसणारी आणि त्याच्यामागून बाहेर पडणारी, नाळेसकट, मोरीमागच्या शेवग्याशी पुरलेली होती. हर्षदाचीही. वर दगड ठेवायचा, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. नर्सने सांगितलं, तसं काही आम्ही देत नाही, ते गेलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. "काईच ऱ्हायलं न्हाई म्हना की तिचं," एवढंच म्हणाली.

हर्षदाने नंतर मूल होऊ दिलं नाही. टिटवी उडाली, सात वर्षं प्रवास करून उतरली, आणि लोक म्हणाले की हिने कामाला वाहून घेतलंय. खरं तर ती वाट पाहत होती. त्या मुलीच्या बदल्यात तिथे काहीतरी जिवंत सापडावं, असा हिशेबात न बसणारा हट्ट तिने मनाशी धरला होता. तो वेडगळ आहे हे तिला कळत होतं. पण म्हणून काही तो कमी होत नव्हता.

साडेतीनला उत्तर आलं. रेघ चढत होती. सकाळच्याच चढाने.

नियंत्रण कक्षात आरडाओरडा झाला. कुणीतरी खुर्चीवर चढलं. मुजावर खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले, आणि मग त्याची लाज वाटून उगीच सगळ्यांना रागावले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. माणसाचं विकर इतक्या उष्णतेत जगत नाही. काही जंतूंचं जगतं, पण आत जंतू नव्हते. म्हणजे हे इथलं नाही. उद्या पाचला पत्रकार परिषद.

"तू बोलायचंस," ते हर्षदाला म्हणाले. "तुझं यंत्र आहे."

ती हसली. त्यांनी पुढे केलेला पेढाही घेतला. पेढा तोंडात असतानाच तिला ते वाक्य आठवलं.

एमएस्सीच्या पुस्तकात, उजव्या पानावर, तक्त्याखाली बारीक टाइपात होतं ते. माणसाच्या शरीरातलं एकच स्फुरदछेदक विकर पासष्ट अंशांची उष्णता सहज सोसतं. ते हाडात नसतं, यकृतात नसतं. ते वारेत तयार होतं आणि गरोदर बाईच्या रक्तात उतरतं.

परीक्षेला हे वाक्य तिने लिहिलंही होतं, एका गुणाला. पण त्या खंडेनवमीला बोटात सुई टोचताना ती स्वतःच्या लेखीही निरोगी प्रौढ व्यक्तीच होती. सगळ्यांपासून लपवताना तिने ते यंत्रासमोरच्या हर्षदापासूनही लपवलं होतं.

ती जागेवरच बसून राहिली. गप्प राहणं सोपं होतं. फॉर्मवर काही नव्हतं, तुषार बोलणार नव्हता. जगाला जीवसृष्टी मिळाली असती, सरांना निवृत्तीआधीचा तो दिवस. पण पुढची मोहीम, तिच्या मागची मोहीम, कुणाची तरी वीस-वीस वर्षं तिच्या बोटातल्या एका थेंबामागे धावली असती. आणि शिवाय दुसरी एक गोष्ट होती, जी तिला स्वतःशी कबूल करायला अर्धा तास लागला. तो उजेड त्या मुलीचा असेल तर तिला तो हवा होता. पक्का हवा होता.

"सर, एक शेवटची चाचणी करते," तिने सांगितलं. "डावं-उजवं."

टिटवीबरोबर फेनिलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल दोन रूपांत पाठवलेलं होतं, डावं आणि उजवं, एकमेकांची आरशातली प्रतिमा. परकी सृष्टी कुठलं रूप खाते ते बघायला. वारेतलं विकर डाव्या रूपाने लगाम घातल्यासारखं मंदावतं आणि उजव्याला जुमानत नाही. मुजावरांनी आनंदाच्या भरात न विचारता परवानगी दिली.

सकाळी ती ओळखीच्या प्रसूतिगृहाच्या प्रयोगशाळेत गेली, एका सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या परवानगीने तिच्या रक्तरसाचे चार थेंब आणले, आणि संस्थेतल्या जुळ्या यंत्रात, टिटवीच्या पृथ्वीवर राहिलेल्या बहिणीत घातले. तापवून मोजलं. उजेड टिकला. डावं रूप घातलं, उजेड चौथ्या हिश्शावर आला. उजवं घातलं, फरक नाही.

बाराला एन्सेलॅडसवरून आकडे आले. डावं: चौथा हिस्सा. उजवं: फरक नाही.

तिने दोन्ही आलेख छापले आणि मुजावरांच्या खोलीत जाऊन दार लावलं. ते पत्रकारांसाठी मसुदा लिहीत होते.

"सर, हे माणसाचं आहे."

"माणसाचं मेलं असतं."

"वारेतलं मरत नाही."

त्यांनी आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघा जुळत होत्या. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फॉर्मची तारीख आठवली असावी, आणि चष्मा काढला.

"कितवा महिना?"

"पाचवा."

"आणि तू त्या दालनात दहा-दहा तास..." ते उभेच राहिले. "मी तुला बाहेर काढलं असतं म्हणून? हर्षदा, मी तुला बाहेर काढलंच असतं!"

"म्हणूनच सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी गेली ती. डॉक्टर म्हणाल्या, त्याचा कामाशी संबंध नव्हता. मी त्यांना सतरा वेळा विचारलंय." तिचा आवाज तिथे फाटला. "तुम्ही अठराव्यांदा विचारू नका."

मुजावर बसले. त्यांनी समोरचा मसुदा मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि टोपलीत टाकला. निवृत्तीआधीचा त्यांचा दिवस त्या टोपलीत गेला, हे दोघांनाही दिसत होतं.

"म्हणजे तुझ्या रक्ताचाच उजेड," ते अखेर म्हणाले.

"रक्त माझं. पण विकर माझं नाही, सर." हे वाक्य तिने रात्रभर मनात घोळवलं होतं. "वार आई तयार करत नाही. तो भाग बाळाच्या पेशींचा असतो. ते विकर तिनं तयार केलं. माझ्या रक्तात ते फक्त वाहत होतं."

मुजावरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला, आणि ती पहिल्यांदा, नऊ वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्या माणसासमोर रडली. तुषारसमोरही रडली नव्हती ती. त्याला सहीची आठवण होईल म्हणून.

पाचची पत्रकार परिषद रद्द झाली. संस्थेने दोन ओळींचं पत्रक काढलं: चौथ्या कोठीतला संकेत जुळणीच्या वेळच्या मानवी नमुन्याचा आहे, जबाबदारी संस्थेची. त्यात नाव नव्हतं. वर्तमानपत्रांनी चार दिवस यथेच्छ टिंगल केली. पहिल्या थेंबाची रीत बंद झाली. मुजावरांनी चौकशी समितीपुढे स्वतःच उत्तरं दिली आणि हर्षदाने लिहून दिलेली पाच पानी कबुली समितीच्या बाहेर जाऊ दिली नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत भेगेच्या काठावरचा बर्फ पाचव्या आणि सहाव्या कोठीत घातला. दोन्ही रेघा झोपलेल्याच राहिल्या. टिटवीचं काम संपलं.

"दीपद्रव्याची एक मात्रा उरलीय," शेवटच्या दिवशी मुजावर म्हणाले. "परत तर येणार नाही. कुठं वापरायची ते तू ठरव. कारणाच्या रकान्यात मी लिहीन काहीतरी."

तिने चौथ्या कोठीचं बटण दाबलं.

पावणेतीन तासांनी रेघ उठली. सावकाश, त्याच लयीत. विकर खर्च झालेलं नव्हतं. हर्षदा खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. मुलीचा चेहरा तिने पाहिलेला नव्हता, रडणं ऐकलेलं नव्हतं. ती आता नऊ वर्षांची असती, शेंगापोळीतलं सारण तेवढं खाऊन कडा टाकून देणारी असती, कदाचित. तिचं केलेलं एवढंच एक काम जगात होतं आणि ते अजून चालू होतं. बॅटरी क्षीण होऊन चित्र जाईपर्यंत ती बघत राहिली. त्यानंतर टिटवी उणे दोनशे अंशांत थिजली.

दीड वाजताचा फोन आज तिने घेतला नव्हता. आता तिने स्वतः लावला.

"आई, तू विचारलं होतंस ना दवाखान्यात. तिची वार कुठं आहे म्हणून."

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

हर्षदाने सगळं सांगितलं. खंडेनवमी, सुई, थेंब, कोठी, निळा उजेड. सासूबाईंना सांगते तसं, पहिल्यापासून. आईने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "लई लांब हाय का गं?"

"फार लांब आहे."

"गारठा हाय?"

"हो. कायमचा."

"आनी उकरनारं? कुत्रं-मांजर, जित्राब काय?"

हर्षदाने पाचव्या आणि सहाव्या कोठीच्या आडव्या रेघांकडे पाहिलं.

"नाही आई. आम्ही नीट पाहिलं. तिथं कुणीच नाही."

आईने एक मोठा श्वास सोडला.

"मग ऱ्हाईल," ती म्हणाली.